आतड्याचं कलम

आमच्या घरात ‘मोटर बंद करून येतो’ या वाक्याचा मोटरशी काही संबंध नाही. माझा धाकटा भाऊ असं म्हणाला आणि भरल्या पानावरून किंवा कुणाच्या साखरपुड्यातून उठून गेला, की घरातलं कोणीही विहिरीकडे बघत नाही. संडासाच्या दाराकडेही बघायचं नाही, असं सगळ्यांचं न ठरवता ठरलेलं आहे. मग कोणीतरी हवेचा विषय काढतं. ते बहुतेक वेळा मीच असतो.

भावाची चिंचणीला चिकूची वाडी आहे आणि वाडीतच कलमांची नर्सरी. पोटाचा त्रास सुरू झाला तेव्हा पाहुण्यांसमोर काय सांगायचं हा प्रश्न आला. वाडीत पाण्याची मोटर खरोखरच होती, म्हणून ते निमित्त सोपं पडलं. फक्त ती मोटर दिवसातून इतक्या वेळा बंद करावी लागते हे पाहुण्यांना चमत्कारिक वाटायचं. डहाणूकडच्या एका पाहुण्याने तर जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं, “अहो, भावाला नवीन मोटर घ्यायला सांगा. ही कामातून गेलेली दिसते.”

तो म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं.

आजाराचं नाव क्रोन्स. आई त्याला ‘पोटाचं’ म्हणते आणि माझ्या मते तेच नाव जास्त सोयीचं आहे. शरीराची राखण करणारी जी यंत्रणा असते, तीच आतड्याला परकं समजून त्याच्यावर तुटून पडते. तिथे दाह होतो, व्रण पडतात, रक्त जातं, माणूस वाळतो. भावाने आधी गोळ्या घेतल्या, मग तोंड सुजवणाऱ्या गोळ्या घेतल्या, मग इंजेक्शनं घेतली. प्रत्येक औषध सुरुवातीला नव्या जावयासारखं वागायचं आणि पुढे ओळख वाढली की काम टाळायचं. दरम्यान त्याने भूगोलात प्रावीण्य मिळवलं. चिंचणीपासून वैतरण्यापर्यंत कुठल्या स्टेशनवरचा संडास उघडा असतो, कुठल्याची किल्ली कुणाकडे असते, मनोरच्या पुढे कुठल्या पेट्रोल पंपावर पाणी असतं, हे त्याला तोंडपाठ होतं. लोकलला संडास नसतो म्हणून त्याने लोकल सोडली. घरची उकडहंडी सोडली. कोनफळ, रताळी आणि वालाच्या शेंगांचं ते मडकं थंडीत आमच्या अंगणात उतरलं, की हा आपला भाताची पेज घेऊन ओटीवर, वारा उलटा असेल त्या बाजूला बसायचा.

मी थोरला. बोईसरला एका रसायनांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि तिथेच फ्लॅटमध्ये राहतो. घरात एखादी गोष्ट समजावून सांगायची असली की मला बोलावतात. मला ती समजलेली असते असं नाही. पण मी बोलण्याआधी चष्मा काढून पुसतो आणि पुन्हा लावतो, त्यामुळे समोरच्याला धीर येतो. भावाच्या आजाराबद्दलही सगळं समजावून सांगायचं काम ओघाने माझ्याकडेच आलं, आणि ही सगळी हकिगत त्यातूनच घडली.

झालं असं, की पालघरच्या सर्जनने एके दिवशी सांगून टाकलं: मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातले व्रण औषधांना दाद देत नाहीत. तो भाग काढावा लागेल आणि पोटावर पिशवी लावावी लागेल. बहुधा कायमची.

बाहेर आल्यावर भाऊ मोटरसायकलला टेकून म्हणाला, “दादा, जन्मभर मी झाडाला पिशव्या बांधल्या. आता मलाच पिशवी?”

हे विनोदासारखं वाटलं तरी तो विनोद करत नव्हता. आमच्याकडे चिकूचं भेट कलम करतात. रायण म्हणजे चिकूच्या जातीचंच एक रानझाड; तिचं रोप पिशवीत वाढवायचं, ती पिशवी उचलून मोठ्या चिकूच्या फांदीला नेऊन बांधायची. रोपाची आणि फांदीची थोडीथोडी साल तासायची, दोन्ही जखमा एकमेकींना लावायच्या आणि पट्टीने घट्ट बांधून टाकायच्या. पुढे काही महिने त्या तशाच राहतात. यासाठी झाडाखाली बांबूचा मांडव करतात, आणि भाऊ त्या मांडवावर पालथा पडून, पोट फांदीवर दाबून, दोन्ही हात मोकळे ठेवून बांधतो. वडील तसंच बांधायचे. सर्जन म्हणाला होता की पिशवी लावून लोक पोहतात, डोंगर चढतात, सगळं करतात. असतीलही करत. पण पोट फांदीवर दाबून दिवसभर कलमं बांधणारा पेशंट त्याच्याही पाहण्यात नव्हता. बाकीचं सगळं भावाने सोसलं असतं, पण मांडव सोडायची त्याची तयारी नव्हती.

सर्जननेच मग मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळाचा पत्ता दिला. तिथे या आजारावर मूलपेशींचा काही अभ्यास चालला होता. आम्ही गाडी ठरवून गेलो, भावाच्या भूगोलाप्रमाणे थांबत थांबत.

तिथल्या डॉक्टर मॅडम आमच्यापेक्षा वयाने लहान होत्या आणि घाईत नव्हत्या, ही दोन्ही आश्चर्यंच. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं. म्हणाल्या, “या पेशी दाह शांत करतात, असं दिसतंय. पण सलाइनमधून सोडल्या तर त्या आधी फुफ्फुसात जातात आणि बऱ्याचशा तिथेच अडकून राहतात. आतड्यापर्यंत थोड्याच पोचतात. म्हणून आम्ही दुर्बिणीची नळी आत घालतो आणि व्रणांच्या कडेने, जिथे सूज आहे तिथेच, बारीक सुईने त्या सोडतो.”

“जागेवरच?” भावाने विचारलं.

“जागेवरच.”

“आन ह्या पेशी कुणाच्या?”

“दात्याच्या. निरोगी माणसाच्या हाडातल्या मगजातून घेतलेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या.”

“म्हणजे मातृवृक्ष,” भाऊ म्हणाला. ज्या झाडावरून कलम घ्यायचं त्याला नर्सरीत असं म्हणतात.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी जाणकारासारखी मान हलवली. त्या हसल्या आणि पुढे म्हणाल्या, “हा अजून अभ्यास आहे हे लक्षात ठेवा. काहींना गुण येतो, काहींना येत नाही. तुम्हाला येईलच असं मी सांगणार नाही. ऑपरेशन तूर्त थांबवू. काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून बघायचं. भरत आलं असेल तर उत्तम. नसेल तर मात्र थांबण्यात अर्थ नाही, कापावं लागेल.”

म्हणजे सगळं त्या दुसऱ्या दुर्बिणीवर होतं. हे मला तेव्हाही कळलं होतं. इतरही बरंच काही त्यांनी सांगितलं असणार, पण मी तोवर मनातल्या मनात आईला कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. माझं ऐकणं हे असं असतं.

घरी आई आणि भावजय ओटीवर वाट बघत होत्या. मी चष्मा पुसला.

“भेट कलमच आहे, दुसरं काही नाही,” मी म्हणालो. “आतड्याला जिथे जखम आहे तिथे दुसऱ्याच्या चांगल्या पेशी नेऊन लावायच्या. जीव धरला की जखम भरते.”

दोघींच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की काय सांगू. आईने विचारलं, “ज्याच्या घेतल्या तो माणूस कुठल्या आळीतला?”

“ते सांगत नाहीत.”

“रायणीचं रोप कुठलं ते आपण इचारतोच ना?”

“आई, रायण हा आहे. ज्याच्या घेतल्या तो चिकूचं झाड.”

“मग चिकू गोड हाय का ते बघाया नको?”

भावजय पदर तोंडाला लावून हसली. या घरात ती आल्यापासून माझ्यासमोर इतकी मोकळी हसलेली मी पाहिली नव्हती. थोरल्या दिरासमोर आतड्याविषयी बोलायचं म्हणजे तिला संकट वाटायचं, आणि तिच्यासमोर बोलायचं म्हणजे मलाही. कलमाने ती अडचण मिटवली. तेव्हापासून व्रणाला आम्ही ‘काप’ म्हणू लागलो, आणि मॅडमना ‘माळीणबाई’. मी स्वतःवर खूश होतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण रजा मागायला मी आमच्या मॅनेजरकडे गेलो. हे गृहस्थ उत्तर प्रदेशातले. बोईसरमध्ये त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय आणि मराठी त्यांना ऐकून ऐकून समजतं. माझ्या हिंदीविषयी मात्र माझं मत फार चांगलं आहे.

“साहब, छुट्टी चाहिए,” मी म्हणालो. “छोटे भाई की मुंबई में पेशी है।”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “अरे! कब से चल रहा है?”

“बहुत साल से। अब तारीख मिली है।”

“क्या किया उसने?”

“किया कुछ नहीं। कलम लगनेवाला है।”

“कौन सा कलम?” ते जवळजवळ कुजबुजले. पोलीस ठाण्याच्या फलकांवरून ‘कलम’ हा मराठी शब्द त्यांना पक्का माहीत होता.

“भेट कलम,” मी म्हणालो.

हिंदीत ‘पेशी’ म्हणजे कोर्टातली हजेरी, आणि भेट म्हणून लाच दिली-घेतली की ते कलम लागत असावं, असा त्यांनी अर्थ लावला हे मला फार नंतर समजलं. त्यांनी माझा हात दाबला, हवी तेवढी रजा दिली आणि वरून म्हणाले, “घबराइए मत। जमानत हो जाएगी।” माणूस जरा घाबरला की तोंडाला येईल ते बोलतो, असं समजून मी त्यांचे आभार मानले. चार दिवसांनी माझ्या हाताखालचा, तारापूरहून येणारा एक मुलगा मला हळूच म्हणाला, “सर, माझे मामा वकील हायत. पालघर कोर्टात. सांगू का त्यांना?” तोवर बातमी आमच्या आधी चिंचणीला पोचली होती. नर्सरीत रोपं घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनी भावाला धीर देण्याच्या सुरात सांगितलं, की काळजी करू नका, तुमच्यासारख्या माणसाला कोण आत टाकणार?

भाऊ त्यांना म्हणाला, “टाकणार नायत, मॅडम आत बघणार हायत.”

हे त्याचं एकट्याचं. अशा वेळी त्याला सुचतं.

प्रत्यक्ष दिवस अगदी साधा गेला. पेशी गोठवलेल्या डब्यातून आल्या. त्या कोमट करून घेतल्या. भावाला गुंगी दिली. मी आणि भावजय बाहेर बाकावर बसलो, मध्ये आमची पिशवी ठेवून. पिशवीत भावासाठी बदलायचे कपडे होते आणि आईने दिलेला अंगारा. भावजयीने तो कुणाला लावायचा असा प्रश्न विचारला, कारण आतला माणूस दाराआड होता. शेवटी तिने तो मला लावला. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, “झालं. जिथे हव्या होत्या तिथे सोडल्या.” दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला घेऊन चिंचणीला परत.

आणि इथून पुढे माझ्या समजावून सांगण्याची फळं दिसायला लागली.

आमच्या वडिलांचा नर्सरीत एक दंडक होता. कलम बांधलं की सोडायचं नाही, हलवायचं नाही, आणि ‘लागलं का?’ असं कुणी विचारायचंही नाही. पट्टी सोडून बघितलेलं कलम हमखास जातं. वरून कोवळं पान दिसेल तेव्हा दिसेल. तोवर त्याच्याकडे पाठ करायची. भावाने हा नियम लहानपणापासून पाळला होता आणि आता तो त्याने स्वतःला लावला.

मोटरसायकल बंद झाली, कारण चिंचणीच्या रस्त्यावर कलम हलेल. खोकला आला की तो दोन्ही हातांनी पोट धरायचा. आईने जुन्या लुगड्याची रुंद पट्टी फाडून त्याच्या पोटाला बांधली. मॅडमनी यातलं काहीही सांगितलं नव्हतं. त्यांनी जपून खा आणि ताप आला तर कळवा, एवढंच सांगितलं होतं. भावजय एकदा ताट वाढता वाढता म्हणाली, “पाणी पेल्याने देऊ का झारीने?”

“झारीने नको,” भाऊ गंभीरपणे म्हणाला. “धार जोरात लागते.”

गुण येतोय का, हे कुणी विचारायचं नाही. तसा नियमच होता. मी दर रविवारी जायचो आणि पावसापाण्याचं बोलून परत यायचो. पण कान उघडे असायचे. मोटर बंद करण्याच्या खेपा कमी झाल्यासारख्या वाटत होत्या. चेहऱ्याला थोडी कळा आली होती. की मलाच तसं वाटत होतं? भावजयीला विचारायची सोय नव्हती. तीही वाटीत आमटी ओतताना त्याच्याकडे चोरून बघायची आणि मग पटकन दुसरीकडे.

मग दुसऱ्या दुर्बिणीची तारीख जवळ आली, आणि भावाने सांगितलं की तो जाणार नाही.

भावजयीने मला फोन केला. इतक्या वर्षांत तिने स्वतःहून मला केलेला हा बहुधा पहिलाच फोन. “भावोजी, इकडे याल का? कलम तुमी लावलंत, आता तुमीच सोडवा.”

मी गेलो तेव्हा भाऊ मांडवाखाली खुर्ची टाकून बसला होता. वर चढायचं त्याने बंदच ठेवलं होतं. कामावरच्या दोन बायका त्याच्या नजरेखाली रायणीच्या पिशव्या भरत होत्या. मी चष्मा पुसला. तो म्हणाला, “दादा, तू चष्मा पुसू नको.”

मी सांगायचं ते सांगितलं. दुर्बीण घातल्याशिवाय आत काय आहे ते कळणार नाही, दिसलं नाही तर मॅडमना ठरवता येणार नाही, आणि आतल्या आत वाढत असेल तर पिशवी टळायची सोडून आणखी लवकर येईल.

“आपल्यात बांधलेलं उघडून बघतात का?” तो म्हणाला.

“ते झाडाचं.”

“तूच म्हणालास, भेट कलमच हाय, दुसरं काय नाय.”

आपलंच वाक्य असं समोर उभं राहिलं की त्याच्याशी वाद घालता येत नाही. भावजय चहा घेऊन आली होती. ती कप ठेवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, “नियम-बियम काय नाय, भावोजी. घाबरलेत.”

ती गेल्यावर भाऊ मांडवावरच्या एका पिशवीकडे बघत म्हणाला, “पट्टी हाय तोपर्यंत हिरवं हाय असं धरून चालता येतं. सोडली आन वाळलेलं निघालं तर? मग काय करू मी? खालीच बसू असा खुर्चीत?”

त्याची भीती मला कळत होती. त्यावर द्यायला माझ्याकडे पुन्हा एखादी उपमाच निघाली असती, म्हणून मी सरळ मॅडमना फोन लावला. फोनचा आवाज मोठा केला आणि तो कलमांच्या पेटीवर ठेवला. आईही येऊन उभी राहिली. मी शक्य तितक्या कमी शब्दांत सांगितलं की पेशंट म्हणतोय, कलम बांधलेलं उघडणार नाही.

“कसलं कलम?” मॅडम म्हणाल्या.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, कसलं ते.

फोनवर खाकरल्याचा आवाज आला. हसू आवरत असाव्यात. मग त्या हळू, स्पष्ट बोलल्या, “हे बघा, या पेशी तिथे रुजत नाहीत. तुमच्या आतड्याचा भाग होत नाहीत. त्या भोवतालचा दाह शांत करायचं काम करतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. मी हे तुमच्या दादांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं.”

पहिल्या दिवशी मी वाक्यं जुळवत होतो हे वर आलंच आहे.

“नायशा होतात?” भाऊ म्हणाला. त्याचा हात पोटाच्या पट्टीवर गेला. “म्हणजे आता त्या हायत का नाय?”

“बहुतेक नाहीतच आता.”

“मग मी एवढे दिवस राखलं काय?”

“पोट राखलंत. वाईट काही झालं नाही त्यात. पण हलल्याने सुटेल असं तिथे काही नव्हतं.”

भावाचा चेहरा पडला. मला वाटलं होतं त्याला हायसं वाटेल, पण एवढे आठवडे जीव लावून सांभाळलेलं काही नव्हतंच, हे कुणालाही ऐकायला बरं वाटत नसावं. दोन बायकांनीही पिशव्या भरायचं थांबवलं. तेवढ्यात आई फोनकडे तोंड करून, फोन बहिरा असल्यासारखी मोठ्याने म्हणाली, “म्हणजे बाई, भांडण सोडवाया माणूस येतो तसं? येतो, दोघांना गप करतो, चहा पितो आन आपल्या घरी जातो. ऱ्हायला येत नाय.”

“हो,” मॅडम म्हणाल्या. “बरंचसं तसंच.”

आईची उपमा पहिल्या झटक्यात पास झाली, याचं मला थोडं लागलं. पण भाऊ ते ऐकून विचारात पडला होता. “मग आता आत जे हाय ते माझंच?”

“तुमचंच आतडं. भरलं आहे की नाही एवढंच बघायचं. बघितल्याने बिघडणार काही नाही, आणि न बघितल्याने बरंही होणार नाही.”

भाऊ उठला. लुगड्याची पट्टी सोडून त्याने तिची नीट घडी घातली आणि आईच्या हातात दिली. “माझंच असंल तर बघायला हरकत नाय,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “दादा, गाडी सांग. आन तिथे तू बाहेर बस. मॅडम काय बोलतात ते मी ऐकतो.”

ही शिक्षा मला रास्त वाटली. तरी दुर्बिणीच्या दिवशी ऐकताना मला आत घेतलं, कारण भावजयीला पडद्यावर बघवत नव्हतं आणि कुणीतरी सोबत हवं होतं. मॅडमनी आधीची आणि आताची चित्रं शेजारी शेजारी लावली. जुन्या चित्रात पन्हळीला गंज चढून भोकं पडावीत तसं दिसत होतं. नव्यात बरीच जागा गुलाबी, सपाट झाली होती. सगळी नाही. एका वळणावर अजून लाल होतं, आणि त्यावर मॅडम बराच वेळ थांबल्या.

“कापायची गरज आत्ता दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “औषधं चालू राहतील. परत उठणार नाही असं मी म्हणू शकत नाही. काही महिन्यांनी पुन्हा बघू.”

“मांडवावर चढू?” भावाने विचारलं.

मॅडमना मांडव समजावून सांगावा लागला. तो भावाने सांगितला. मी चष्म्याला हात लावला नाही. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “चढा. दुखलं तर उतरा.”

परतीच्या वाटेवर मनोरजवळ गाडीवाल्याने सवयीने विचारलं, पंपावर थांबू का? भाऊ म्हणाला, “थांब. चहा पिऊ.” तो संडासाकडे गेलाही. पण आधी चहा घेऊन मग गेला.

कारखान्यात मी आल्या आल्या मॅनेजरना सांगितलं की भाई ठीक है। त्यांनी विचारलं, “बरी हो गया?” म्हणजे निर्दोष सुटला का. मी म्हणालो, “अभी तारीख पर तारीख चलेगी।” हे मात्र दोन्ही अर्थांनी खरं होतं, म्हणून मी खुलासा केला नाही. अजूनही ते कधीकधी भावाच्या केसची चौकशी करतात.

त्या थंडीत वाडीत उकडहंडी लावली. मॅडमना विचारून झालं होतं, त्या थोडं खाऊन बघा म्हणाल्या होत्या. मडकं उघडलं, वाफ आली, केळीच्या पानांवर वाटण्या झाल्या. भावजयीने त्याच्या पानावर कोनफळाच्या आणि रताळ्याच्या दोन फोडी ठेवल्या, वालाची शेंग मुद्दाम बाजूला काढली. त्याने फोडी बोटांनी कुस्करल्या, मीठ लावून खाल्ल्या, आणि कुणी बघत नाही असं समजून आईच्या पानातली एक शेंग उचलली. आम्ही सगळे बघत होतो.

थोड्या वेळाने तो हात झटकत उठला. “मोटर बंद करून येतो,” म्हणाला.

भावजयीने हातातला डाव मडक्यात तसाच ठेवला. आईने पानाकडे बघायला सुरुवात केली. मी हवेचा विषय काढला, यंदा गारठा जरा उशिराच पडला वगैरे. तो झाडांमधून गेला. कुठल्या दिशेला गेला ते बघायचं नाही हे इतकं अंगवळणी पडलेलं, की कुणी बघितलं नाही.

मग विहिरीकडची मोटर बंद झाली. सकाळपासून चालू होती, म्हणून तिचा आवाज कानाला येईनासा झाला होता. थांबल्यावरच ती चालू होती हे कळलं. पाटातलं पाणी हळूहळू उतरलं.

भावजयीने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे.

“अरे, बंद काय केलीस?” आई झाडांच्या दिशेने ओरडली. “खालच्या रोपांचं पाणी ऱ्हायलंय की अजून!”